पाण्याची नळी

इंगळे मॅडम सकाळी प्रयोगशाळेत आल्या की कोणाची विचारपूस करत नसत. पर्स खुंटीला लावायची, चष्मा पदरानं पुसायचा आणि विचारायचं, "पानी काय म्हन्ते?" मी अकोल्याचीच, पण अकरा वर्षं पुण्यात काढून, नावामागे डॉक्टरेट लावून अमरावतीला रुजू झाले होते. पहिले दोन दिवस मला वाटलं, बाईंच्या घरी नळाची काहीतरी कटकट असावी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मलाच तो प्रश्न विचारला आणि मी उत्तर देऊ शकले नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकी शिकून आली, आन पानी नाही पाह्यलं?" त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'पुनेकरीन' झाले ती कायमची.

आमचं काम सिकलसेल ओळखण्याचं. रक्ताच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, तेवढ्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि माणूस आयुष्यभर दुखण्यानं तळमळतो. ते एक अक्षर शोधायला मॅडम डीएनएचे छोटे तुकडे बांधायच्या. बांधायच्या म्हणजे, तुकड्यातली अक्षरं त्या चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी मांडायच्या, खोडायच्या, पुन्हा मांडायच्या, आणि मग तसा तुकडा बाहेरून तयार होऊन यायचा. नळीत असून नसल्यासारखी पावडर. तो तुकडा रक्तातल्या डीएनएत आपली नेमकी जोडी शोधतो आणि सापडली की उजळतो. निरोगी जनुकासाठी बांधलेला तुकडा हिरवा उजळायचा, सिकलसेलच्या जनुकासाठी बांधलेला पिवळा. नुसता हिरवा उजळला तर काळजी नाही. नुसता पिवळा, तर आजार. दोन्ही उजळले तर माणूस वाहक. स्वतः धडधाकट, पण नवराबायको दोघंही वाहक असतील तर मुलाला आजार होण्याचं भय.

दर खेपेला रक्ताच्या नळ्यांबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची लावायची. तिच्यात बाकी सगळं घालायचं, फक्त रक्त नाही. ती उजळता कामा नये. उजळली तर समजायचं की कुठूनतरी परका डीएनए शिरलाय, आणि अख्खी खेप फेकायची. अशी नळी सगळ्याच प्रयोगशाळांत असते. पण इतर ठिकाणी आधी निकाल बघतात आणि मग पाण्यावर नजर टाकतात. मॅडमनी कॅलेंडरचा एक पुठ्ठा बरोब्बर कापून ठेवला होता. तो यंत्राच्या पडद्यावर धरायचा, खालची पाण्याची रेघ तेवढी उघडी ठेवायची. ती सपाट असेल तरच पुठ्ठा बाजूला व्हायचा. मी एकदा म्हटलं, मॅडम, कॉम्प्युटर हे आपोआप तपासतो. त्या म्हणाल्या, "तपासते नं. पन मोह कॉम्प्युटरले नाही होत, आपल्याले होते."

दुसरा त्यांचा कायदा चपलांचा. आमच्या तीन खोल्या ओळीनं होत्या. पहिलीत स्वच्छ मिश्रण तयार व्हायचं, दुसरीत रक्त मिसळायचं, तिसरीत यंत्र. यंत्र नीट चाललंय ना हे बघायला सिकलसेलच्या जनुकाचा बनवलेला डीएनए लागायचा, तोही तिसरीतच. प्रत्येक खोलीच्या वेगळ्या रबरी चपला: पांढऱ्या, निळ्या, लाल. जमिनीवर मॅडमनी स्वतः बसून ऑइलपेंटनं बाण काढला होता. दिवसभरात जायचं ते बाणाच्याच दिशेनं. एकदा लाल चप्पल घातली की त्या दिवशी पांढऱ्या खोलीचं तोंड बघायचं नाही. डबा राहिला, किल्ली राहिली, तर उद्या. मॅडमची छत्री एकदा पहिल्या खोलीत राहिली. अमरावतीचा मे महिना, दुपारचे तीन वाजलेले. बाई डोक्यावर फाइल धरून बसस्टँडवर गेल्या, पण मागे फिरल्या नाहीत.

एकदा दिल्लीहून समिती आली. आमचा प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही हे तिच्या हातात होतं. तिन्ही खोल्या बघून झाल्यावर अध्यक्षांना वाटलं, फोटो पहिल्या खोलीत चांगला येईल. ते वळले, तर मॅडम दारात हात आडवा लावून उभ्या. शुद्ध हिंदीत सांगितलं असतं तर थोडं सौम्य वाटलं असतं, पण हिंदीतही त्यांची वऱ्हाडी लपत नसे. म्हणाल्या, "सर, आज नहीं होता. कल सुबह नहाके आओ." आमचे संचालक भिंतीकडे बघायला लागले. अध्यक्षांनी क्षणभर मॅडमकडे, मग जमिनीवरच्या बाणाकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. फोटो व्हरांड्यात निघाला, सगळ्यांच्या हातात वरूडची संत्री. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली. संचालक पुढे महिनाभर मॅडमशी मोजकंच बोलत होते, त्याचं मॅडमना सुख वाटत होतं.

त्या मूळच्या वलगावच्या. गावोगावच्या शिबिरांत बोलायला उभ्या राहिल्या की खरा रंग चढायचा. फळा नाही, पडदा नाही. अंबाड्यातला आकडा काढायच्या आणि तो उंच धरून सांगायच्या, आमचा तुकडा असा दुमडलेला असतो, याच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला दिव्यावर झाकण. जोडी भेटली की तो असा सरळ होतो. इथे आकडा दोन्ही हातांनी ताणायचा. झाकण दूर गेलं, दिवा लागला. बोलता बोलता असे चार-पाच आकडे वाकायचे आणि भाषण संपेपर्यंत अंबाडा मानेवर आलेला असायचा. वलगावच्या विहारात एका म्हातारीनं विचारलं, जोडी जराशी चुकली तर चालत नाही का? मॅडम म्हणाल्या, "एक अक्षर इकडचं तिकडं चालत नाही, माय. तुह्या सुनेपक्षा कडक हाय हे." म्हातारी सुनेकडे बघून इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला.

शेवटी त्या आपलंच उदाहरण द्यायच्या. "मी सोता वाहक हाय. पाहा माह्याकडं. दिसते काई कमी?" पाच फूट आठ इंच उंचीची, दंड थोपटून उभी राहिलेली बाई बघून कोणाची नाही म्हणायची हिंमत नव्हती.

आता जे सांगायचं ते माझ्या चुकीचं आहे. त्याशिवाय मॅडम सांगून होणार नाहीत.

वलगावच्या त्या शिबिरात शीतल नावाच्या मुलीचं रक्त घेतलं होतं. नांदगाव पेठेच्या वसाहतीतल्या कापड कारखान्यात ती कापड तपासायची. तिची सोयरीक अकोल्यातल्या अमोल नावाच्या मुलाशी ठरलेली. अमोल वाहक आहे हे त्याच्या घरच्यांना आधीपासून माहीत होतं, त्यामुळे शीतलचा रिपोर्ट आल्यावरच तारीख धरायची असं ठरलं होतं. मॅडम दोन दिवस रजेवर होत्या. जबाबदारी माझ्यावर.

सकाळी मी तिसऱ्या खोलीत यंत्र तपासत होते, बनवलेल्या डीएनएची नळी उघडलेली. माझा फोन पहिल्या खोलीत राहिला होता आणि तो वाजत राहिला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी गेले. लाल चपलांत, हातमोजे न बदलता. शीतलचे वडील होते, रामदासभाऊ. रिपोर्ट आज येईल का, विचारत होते. मी हो म्हटलं आणि आलेच आहे तर म्हणून त्याच हातांनी दुपारच्या खेपेचं मिश्रणही करून टाकलं. मला त्या वेळी चपलांचा कायदा जरा गावठीच वाटायचा, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी निकाल आला. त्या खेपेत वाहक जरा जास्तच निघाले, शीतलही. पाण्याची रेघ अगदी शेवटी किंचित वर उचलली होती. मी स्वतःला समजावलं की हा यंत्राचा गोंगाट आहे. पुठ्ठा खुंटीवरच होता. आमच्याकडे कागदी रिपोर्ट जुन्या पद्धतीनं, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं करून, पडताळून झाल्याशिवाय द्यायचा नाही असा नियम होता, तो मी पाळला. पण रामदासभाऊंचा पुन्हा फोन आला आणि मी सांगून टाकलं.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. पर्स, चष्मा, प्रश्न. मी म्हटलं, थोडंसं वर गेलंय, शेवटी शेवटी. त्यांनी ती रेघ बघितली आणि खुर्ची ओढून बसल्या. कोणाला सांगितलंय का, एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं, चपलांसकट. त्या रागावतील याची मी वाट बघत होते. त्यांनी फक्त पांढऱ्या चपला घातल्या, पहिल्या खोलीतलं होतं नव्हतं ते सगळं मिश्रण ओतून दिलं, टेबल तीनदा पुसलं आणि नव्यानं सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाणी सपाट. शीतलची हिरवी रेघ वर, पिवळी जमिनीला चिकटलेली. जुन्या पद्धतीनंही तेच. ती वाहक नव्हती. पण तोवर अकोल्याहून फोनवरच निरोप आला होता की ही सोयरीक आम्ही मोडली.

मला रडू फुटलं. मॅडमनी रडू दिलं आणि मग म्हणाल्या, पर्स घे.

आधी वलगाव. रामदासभाऊंच्या दारात जय भीम झाल्यावर मॅडम पाणीसुद्धा न घेता बोलल्या. "भाऊ, चूक आमच्या खोलीत झाली. पोरीच्या रक्तात नाही." कोणाच्या हातून, ते सांगितलं नाही. मी तोंड उघडलं तर माझ्या पायावर पाय ठेवला. आत उभी असलेली शीतल बाहेर आली आणि तिनं एकच विचारलं, हे तुम्ही त्यांनाही जाऊन सांगाल का? मॅडम म्हणाल्या, तिकडंच चाललो.

अकोल्याच्या बसनं बडनेरा सोडलं. मग मॅडमनी आपणहून सांगितलं. धाकटा भाऊ होता, हातपाय धरून रात्रंदिवस ओरडायचा. तपासणीत काही नाही, असा कागद एका प्रयोगशाळेनं दिला होता. आईनं तो कागद देवासारखा जपला आणि पोरगं नाटक करतं असं समजून त्याला मारून शाळेत हाकललं. चौदाव्या वर्षी गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की तो कागद चुकीचा होता आणि देणाऱ्याला ते तेव्हाच समजलं होतं. "तो मानूस एक खेप घरी आला असता, पुनेकरीन," त्या म्हणाल्या, "तं माह्या मायनं पोराले मारलं नसतं." खिडकीबाहेर बघत त्यांनी हे सांगितलं, आवाज चढला नाही की उतरला नाही. मला मात्र मूर्तिजापूर येईपर्यंत मान वर करता आली नाही.

अमोलचे वडील शंकरराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पस्तीस वर्षांच्या नोकरीत फुकट प्रवास करू बघणारे सगळे नमुने पाहिलेला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चार दिवसांत रिपोर्ट कसा काय बदलून राह्यला? कोनी सांगतलं बदलवाले?" मी दुखावले. मॅडमना तो प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, रास्त शंका आहे, तर मग तुम्हीच या. पोरीचं रक्त तुमच्या डोळ्यांदेखत घेऊ. नळ्यांवर आकडे तुम्ही टाका, कोणता आकडा कोणाचा ते तुमच्याच खिशात ठेवा. आणि उठता उठता म्हणाल्या, "पानीबी तुमच्या घरचंच आना."

शंकरराव आले. बरोबर अमोल, आणि प्लास्टिकच्या बाटलीत अकोल्याचं पाणी. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्यातलं जपून आणलेलं. मॅडमनी ते मान देऊन घेतलं. आपल्या शुद्ध पाण्याची नळी वेगळी लावली आणि शंकररावांच्या पाण्याची वेगळी. शीतल कारखान्यातून परस्पर आली होती, वडिलांसोबत. मग मॅडमनी स्वतःचं बोट टोचलं आणि आपलंही रक्त एका नळीत घातलं. शंकररावांना पांढऱ्या, निळ्या, लाल अशा तिन्ही चपला घालाव्या लागल्या. ते बाणावरून इतके जपून चालले की जणू बाण ओला होता.

पडद्यावर पुठ्ठा धरला होता. मॅडमनी शंकररावांना पुढे बोलावलं आणि विचारलं, पानी काय म्हन्ते?

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "दोन्ही गप हायेत."

मग पुठ्ठा निघाला. एका नळीत हिरवी आणि पिवळी दोन्ही रेघा चढल्या होत्या, एका नळीत नुसती हिरवी. शंकररावांनी खिशातला कागद काढला. दोन रेघांची नळी इंगळे मॅडमची, एकीची शीतलची. कागदाची पुन्हा घडी घालून ते म्हणाले, चला, तारीख धरू.

शीतल म्हणाली, "मॅडमची चूक झाली तं त्या दोन्ही घरी गेल्या. तुमी फोनवर मोडली. एक खेप घरी आले नाही."

रामदासभाऊ तिला गप्प करायला पुढे झाले. मॅडमनी त्यांना थांबवलं आणि नळ्या आवरायला घेतल्या. अमोल आल्यापासून बोललाच नव्हता. मंडळी तशीच परत गेली. मी मॅडमना म्हटलं, आपण एवढं करून काय उपयोग झाला? त्या म्हणाल्या की आपलं काम रक्ताचं, ते चोख झालं. पुढचं तिचं तिला कळतं.

पुढच्या रविवारी अमोल एकटा मोटरसायकलवर वलगावला गेला आणि रामदासभाऊंच्या ओसरीवर दिवसभर बसून राहिला, असं शीतलनंच नंतर सांगितलं. काय बोलला ते तिनं सांगितलं नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. मी जायला कचरत होते, मॅडमनी मला ओढून नेलं. तेव्हापासून आमच्याकडे नवा नियम लागला: रिपोर्ट फोनवर द्यायचा नाही, कोणालाही नाही. तो मॅडमनी बाणाशेजारी ऑइलपेंटनंच लिहिला.

दोन वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. त्याच आठवड्यात शीतलच्या तान्ह्या मुलीचं रक्त तपासणीला आलं होतं. इतक्या लहान बाळात जुनी पद्धत नीट सांगत नाही, तिथे आमच्या तुकड्यांचाच खरा उपयोग. म्हणून दोन वेगळ्या थेंबांवर दोन वेगळ्या दिवशी तपासायचं असं ठरलेलं. पहिली तपासणी मॅडमनी केली आणि निकाल पाकिटात बंद करून ठेवला, स्वतःही बघितला नाही. फक्त पाणी बघितलं. दुसरी माझ्याकडे.

निरोपाचा चहा तिसऱ्या खोलीबाहेर झाला. मानपत्र हातात आलं तेव्हा लक्षात आलं की बाईंचा चष्मा पहिल्या खोलीत राहिलाय. संचालक म्हणाले, आज तरी आणा. मॅडमनी माझ्या लाल चपलांकडे बोट दाखवलं आणि मानपत्र माझ्या हातात दिलं. मी वाचलं. त्यात त्यांना 'मृदुभाषी' म्हटलं होतं, तिथे सगळेच हसले, त्याही. मग शाल-नारळ घेऊन त्या तशाच बसस्टँडवर गेल्या आणि पाटी वाचता येईना म्हणून चार जणांना विचारत वलगावची बस धरली.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या चपला घालून आत गेले. चष्मा टेबलावर होता. त्याशेजारी त्यांच्या अक्षरात 'पाणी' लिहिलेली एक रिकामी नळी, माझ्या खेपेसाठी. दुपारी निकाल आला. पुठ्ठा धरला, बघितलं, काढला. मग पाकीट उघडून दोन्ही निकाल ताडून पाहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"पानी काय म्हन्ते?"

"गप हाये," मी म्हटलं. माझ्या तोंडून वऱ्हाडी ऐकून त्या थबकल्या असाव्यात. बाळाचं काय ते विचारावं असं त्यांना किती वाटत असेल, मला कळत होतं. पण त्या म्हणाल्या, सकाळी स्टँडवर ये, अकोल्याले संगंच जाऊ.

बसमध्ये मी चष्मा दिला, त्यांनी लावला. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, त्यांनी त्या पर्सकडे एकदाही पाहिलं नाही. बोरगावच्या फाट्यावर भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि अर्ध्या मला दिल्या.

शंकररावांच्या घरी सगळे बसले. मॅडमनी मला खुणावलं, तू सांग. मी पाकीट काढलं, पण उघडायच्या आधीच शंकररावांनी हात वर करून मला थांबवलं. "अगुदर पानी काय म्हन्लं ते सांगा."

मी सांगितलं, दोन्ही दिवशी गप. मग कागद उघडला. दोन्ही रेघा होत्या, हिरवी आणि पिवळी. बाळ बापासारखंच वाहक होतं. हा शब्द या घरात मी दुसऱ्यांदा आणत होते.

शीतलनं बाळाला खांद्यावरून उतरवून मांडीवर घेतलं, नीट न्याहाळलं. "म्हन्जे इंगळे मॅडमसारखी," ती म्हणाली आणि बाळ उचलून मॅडमच्या हातात दिलं.

बाळानं मॅडमचा चष्मा धरून ओढला, आणि त्यांनी तो ओढू दिला.